‘ब्रिसन, १७६०’: प्राण्यांच्या शास्त्रीय नावांपुढे दिसणाऱ्या या माणसाने नेमकं काय केलं?

प्रश्न असा आहे: पक्ष्यांच्या याद्यांमध्ये चिमणीच्या ‘पॅसर’ या वंशापुढे (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि कोंबडीच्या ‘गॅलस’ या वंशापुढे ‘ब्रिसन, १७६०’ असं लिहिलेलं असतं. जातीच्या नावापुढे मात्र ब्रिसन कधीच दिसत नाही. तिथे लिनियस, बोडार्ट, टेमिंक असं दुसरंच कोणी असतं. असं का? आणि प्राण्यांच्या वर्गीकरणात ब्रिसनचं योगदान नक्की कोणतं?

आधी थोडक्यात सांगतो. माथ्युरँ जाक ब्रिसन (१७२३–१८०६) याने वंश अतिशय नेमके पाडले आणि हातातल्या नमुन्यावरून मोजमापासह वर्णनं लिहिली. जातींना मात्र त्याने दोन शब्दांची नावं दिली नाहीत. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने रूढ केलेल्या दोन शब्दांच्या पद्धतीवर उभे आहेत: पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. त्यामुळे त्याचे वंश टिकले आणि जातींच्या नावांचं श्रेय नंतरच्यांकडे गेलं. पण त्यातल्या कितीतरी जातींचं पहिलं नीट वर्णन त्याचंच आहे.

ब्रिसन पश्चिम फ्रान्समधल्या फोंतने-ल-कोंत या गावचा. १७४९ पासून तो पॅरिसमध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाच्या खाजगी संग्रहाचा व्यवस्थापक होता. रेओम्यूर आपल्याला तापमापकामुळे माहीत असतो, पण त्याचा पक्षिसंग्रह त्या काळी युरोपातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी होता. सेनेगलहून आदान्सों आणि हिंदी महासागराच्या भागातून पिएर प्वाव्र अशी माणसं त्याला नमुने पाठवायची. ही जागा महत्त्वाची, कारण ब्रिसनसमोर हजारो कातडी आणि पेंढा भरलेले पक्षी एकाच छताखाली होते. लिनियसला परदेशी पक्ष्यांसाठी बऱ्याचदा दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चित्रांवर विसंबावं लागलं. ब्रिसन पक्षी हातात घेऊन लिहीत होता. दोघांच्या मजकुरातला फरक इथून सुरू होतो.

त्याचं पहिलं मोठं काम १७५६ चं. लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत मजकूर असलेल्या या ग्रंथात त्याने सगळ्या प्राणिसृष्टीचे नऊ वर्ग केले: चतुष्पाद, देवमासे व त्यांचे भाऊबंद, पक्षी, सरीसृप, कूर्चामय मासे, अस्थिमय मासे, कवचधारी, कीटक आणि कृमी. तपशिलात मात्र पहिले दोनच वर्ग लिहून झाले. तरीही ही यादी लिनियसच्या यादीशेजारी ठेवून वाचावी. लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या तोपर्यंतच्या आवृत्त्यांत देवमासे माशांमध्येच धरले होते. त्यांना तिथून त्याने बाहेर काढलं ते १७५८ मध्ये. ब्रिसनने दोन वर्षं आधीच त्यांचा स्वतंत्र वर्ग केला आणि तो चतुष्पादांच्या लगेच पुढे ठेवला. शार्क, पाकट यांसारख्या कूर्चामय माशांना लिनियसने १७५८ मध्ये उभयचरांत टाकलं, तर ब्रिसनने त्यांना माशांचाच पण वेगळा वर्ग मानलं. आजची मांडणी याच्याच जवळची आहे. खेकडे, कोळंबी यांनाही लिनियस कीटकांत धरत होता आणि ब्रिसनने ती वेगळी काढली. लिनियसची थोरवी याने कमी होत नाही. पण ‘वर्गीकरण म्हणजे फक्त लिनियस’ असं जे शाळेपासून मनात बसलेलं असतं, ते सोडायला या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

चतुष्पादांचे गण, म्हणजे वर्गाखालचे आणि वंशांहून मोठे गट, पाडताना ब्रिसनने मुख्य आधार दातांचा घेतला: दात आहेत की नाहीत, पुढचे दात किती, वर किती, खाली किती. नंतर खूर, नख्या, बोटं. दात कवटीबरोबर टिकतात, मोजता येतात आणि दोन माणसांनी मोजले तरी आकडा एकच येतो, म्हणून निकष म्हणून ते उत्तम. याच पद्धतीने त्याने फळं खाणारी मोठी वटवाघळं ‘टेरोपस’ या वंशात वेगळी केली. लिनियसने सगळी वटवाघळं ‘व्हेस्परटिलिओ’ या एकाच वंशात ठेवली होती आणि तीही माणूस-माकडांच्या गणात. आपल्याकडे वडा-पिंपळावर दिवसभर लटकलेली मोठी वटवाघळं दिसतात, ती आजही टेरोपस वंशातलीच. जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव ‘टेरोपस जायगँटियस’ आहे, नव्या याद्यांत ‘टेरोपस मीडियस’. जातीचं नाव बदललं, वंश तोच राहिला.

रेओम्यूर ऑक्टोबर १७५७ मध्ये वारला. त्याचा संग्रह राजाच्या उद्यानातल्या संग्रहालयात गेला. तिथला कारभार ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाकडे होता. ब्यूफाँ आणि रेओम्यूर यांचं जुनं वितुष्ट होतं, शिवाय ब्यूफाँला असल्या कप्पेबंद वर्गीकरण पद्धतीच मान्य नव्हत्या. ब्रिसनला त्या नमुन्यांपर्यंत पोचणं अवघड झालं. तरी आधी काढलेली टिपणं आणि पॅरिसमधले इतर खाजगी संग्रह, उदाहरणार्थ आबे ओब्री या धर्मगुरूचा, यांच्या बळावर १७६० मध्ये त्याचा पक्ष्यांवरचा सहा खंडांचा ग्रंथ बाहेर आला. नंतर तो भौतिकशास्त्राकडे वळला, पॅरिसच्या कॉलेज द नाव्हारमध्ये ते शिकवू लागला, आणि क्रांतीच्या काळात मीटर-किलोग्रॅमची पद्धत ठरवणाऱ्या मंडळींत होता. प्राणिशास्त्राला त्याची पुढची चाळीसएक वर्षं मिळाली नाहीत. हे मोठं नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हा १७६० चा ग्रंथ वाचायचा कसा, ते सांगतो. त्याच्याशी काम पडणाऱ्या बहुतेकांच्या चुका इथेच होतात.

पक्ष्यांचे त्याने २६ गण आणि ११५ वंश केले. लिनियसच्या १७५८ च्या आवृत्तीत पक्ष्यांचे गण फक्त सहा होते. ब्रिसनचे निकष बाहेरून दिसणारे आहेत: बोटांमध्ये पडदा आहे का, असल्यास तो पूर्ण की अर्धा, बोटं किती, त्यातली पुढे किती व मागे किती, पायाचा खालचा भाग पिसांनी झाकलेला की उघडा, चोचीचा आकार, टोक वळलेलं की सरळ. निकष ठरावीक क्रमाने लावले की कोणताही पक्षी एका वंशात येऊन पोचतो. आज आपण ज्याला ओळख-किल्ली म्हणतो, तशीच ही रचना आहे. तिची कमजोरीही उघड आहे. पाय आणि चोच यांवर राहणीमानाचा परिणाम होतो, म्हणून नातं नसलेले पण एकसारखं जगणारे पक्षी कधीकधी एकाच गणात येतात. वंशाच्या पातळीवर मात्र हा दोष फार कमी जाणवतो, आणि म्हणूनच त्याचे वंश इतके टिकले.

प्रत्येक जातीच्या नोंदीत सुरुवातीला फ्रेंच नाव, मग लॅटिन वर्णनात्मक नाव, मग आधीच्या लेखकांनी दिलेली नावं आणि त्यांचे पृष्ठांक, मग मोजमापं, मग डोक्यापासून शेपटीपर्यंत रंगांचं वर्णन, शेवटी पक्षी कुठून आला, कोणी पाठवला आणि कोणाच्या संग्रहात आहे. नोंदीच्या सुरुवातीला दोन तारे असतील तर समजायचं की तो नमुना ब्रिसनने स्वतः तपासला आहे. ही खूण दुर्लक्षू नका. तारे असलेली नोंद प्रत्यक्ष पुरावा म्हणून वापरता येते. तारे नसतील तर आधी मूळ लेखक शोधावा लागतो. अठराव्या शतकात आपल्या माहितीची प्रत इतक्या उघडपणे सांगणारे लेखक थोडे होते. पुस्तकात मार्तिने या चित्रकाराची कोरीव चित्रंही अडीचशेहून अधिक पानांवर आहेत, आणि मूळ नमुने बहुतेक नष्ट झाल्यामुळे काही जातींसाठी आज वर्णन आणि चित्र एवढंच हाती उरलं आहे. त्या काळी कातडी भट्टीत वाळवून ठेवत. आर्सेनिकयुक्त साबण सर्वत्र वापरात यायच्या आधी कातडी खाणारे भुंगेरे काही वर्षांत संग्रह फस्त करत.

मोजमापांत हमखास फसायला होतं. ब्रिसनचे इंच फ्रेंच आहेत, इंग्रजी नाहीत. जुना फ्रेंच फूट ३२.४८ सेंटिमीटरचा, त्याचे १२ ‘पूस’, आणि एका पूसचे १२ ‘लिन्य’. म्हणजे एक पूस २७.०७ मिलिमीटर आणि एक लिन्य २.२६ मिलिमीटर. समजा लांबी ८ पूस ३ लिन्य दिली आहे. ती २२३ मिलिमीटर होते. हाच आकडा इंग्रजी इंच समजून बदलला तर २१० मिलिमीटर येतात आणि १३-१४ मिलिमीटर कुठल्या कुठे जातात. बुलबुल किंवा राघू अशा आकाराच्या पक्ष्यात एवढ्या फरकाने जात चुकू शकते. दुसरं, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी पेंढा भरलेल्या नमुन्यात बेभरवशाची असते, कारण मान किती ताणली यावर ती बदलते. चोच आणि पायाच्या नळीचं हाड यांची मापं जास्त खात्रीची. रंगांच्या बाबतीत पिसांचं वर्णन बहुधा विश्वासार्ह, पण वाळलेल्या नमुन्यात डोळ्यांचा, पायांचा आणि उघड्या त्वचेचा रंग उडालेला असतो. त्यावरून जात ठरवू नये. नर-मादी आणि पिल्लं वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदवली जाणं ही तर त्या शतकातली सार्वत्रिक चूक. काळा नर आणि ठिपकेदार मादी असलेला आपला कोकीळ याचं ठळक उदाहरण, त्याच्या दोन रूपांना तेव्हा दोन जाती मानलं गेलं होतं.

तिसरी अडचण ठिकाणाची, आणि तिचं उत्तम उदाहरण आपल्या अंगणात आहे. लालबुड्या बुलबुल घ्या: डोक्यावर काळा तुरा, अंगावर खवल्यांसारखी नक्षी, शेपटीच्या बुडाशी लाल डाग, कमरेवर पांढरा पट्टा. ब्रिसनने दुसऱ्या खंडात याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘केप ऑफ गुड होपचा तुरेवाला कस्तूर’. नमुना जहाजाने आलेला होता आणि हिंदुस्थानातून येणारी जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालूनच युरोपात जात. वाटेतल्या बंदराचं नाव नमुन्याला चिकटण्याचे असे प्रकार त्या काळात बरेच झाले. लिनियसने १७६६ मध्ये ब्रिसनचा हवाला देऊन या पक्ष्याला ‘टर्डस कॅफर’ असं दोन शब्दांचं नाव दिलं. ‘कॅफर’ म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा. पुढे वंश बदलून तो ‘पिक्नोनोटस कॅफर’ झाला. हा पक्षी मुळात दक्षिण आशियातला आणि दक्षिण आफ्रिकेशी त्याचा काही संबंध नाही. तरी नाव बदललेलं नाही आणि बदलणारही नाही, कारण अर्थ चुकीचा आहे एवढ्या कारणावरून नियमाने दिलेलं नाव रद्द होत नाही. म्हणून जुन्या नोंदीतलं ठिकाण हा नेहमी तपासायचा मुद्दा समजावा. पक्षी आज कुठे आढळतो ते आधी पाहा, आणि मग लेबलावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा.

ठिकाण बरोबर असल्याचीही उदाहरणं आहेत. कोकणच्या बंदरांवर माशांभोवती घिरट्या घालणारी, पांढऱ्या डोक्याची विटकरी ब्राह्मणी घार ब्रिसनने ‘पाँडिचेरीचा गरुड’ म्हणून नोंदवली. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिथून नमुने थेट पॅरिसला पोचत. हिचं दोन शब्दांचं नाव १७८३ मध्ये बोडार्टने दिलं आणि आज ती ‘हॅलिअस्टर इंडस (बोडार्ट, १७८३)’ अशी लिहिली जाते.

लिनियसने १७६६ च्या बाराव्या आवृत्तीत ब्रिसनच्या वर्णनांवरून सुमारे २४० जाती घेतल्या. बुलबुल त्यातलाच एक. श्रेय लिनियसच्या नावावर का, याचं उत्तर इथे मिळतं. ब्रिसनची जातींची लॅटिन नावं एका शब्दापासून चार-पाच शब्दांपर्यंत कशीही असतात, आणि जातीच्या नावासाठी नियमाला वंश व जाती असे नेमके दोन शब्द लागतात. वंशाचं नाव मात्र एकाच शब्दाचं असतं, आणि ब्रिसनने वंशांची नावं अगदी सुसंगतपणे वापरली आहेत. म्हणून आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने १९११ मध्ये त्याच्या १७६० च्या ग्रंथातले वंश ग्राह्य धरण्याचा निर्णय दिला. पॅसर, गॅलस, टिटवीचा व्हॅनेलस, जांभळ्या पाणकोंबडीचा पोर्फिरिओ, करकोच्याचा सिकोनिया, गरुडांचा अक्विला हे सगळे तिथूनच आले.

‘गॅलस गॅलस’, ‘सिकोनिया सिकोनिया’ अशी जोडनावं का होतात, तेही यातूनच कळतं. रानकोंबड्याला लिनियसने १७५८ मध्ये फेझंट पक्ष्यांच्या वंशात ‘फॅसियानस गॅलस’ म्हटलं होतं. ब्रिसनने कोंबड्यांचा स्वतंत्र वंश केला आणि त्याला ‘गॅलस’ हेच नाव दिलं. जातीचं नाव लिनियसचं आणि वंशाचं ब्रिसनचं, ते एकत्र आले की ‘गॅलस गॅलस’. वनस्पतींच्या नियमांत अशी पुनरुक्ती चालत नाही, प्राण्यांच्या नियमांत चालते. शिवाय अशा वंशाची प्रातिनिधिक जाती कोणती याबद्दल वाद उरत नाही, ती आपोआप ठरते.

सस्तन प्राण्यांच्या बाबतीत गुंता जास्त होता. १७५६ चा ग्रंथ १७५८ च्या आधीचा, आणि प्राण्यांची नावं १७५८ पासूनच धरली जातात. म्हणून तो बाद. त्याची दुसरी आवृत्ती १७६२ मध्ये लायडेनहून निघाली, पण तिच्यात दोन शब्दांची पद्धत नाही, म्हणून तीही काटेकोरपणे पाहिली तर बाद. प्राणिशास्त्रज्ञ मात्र तिच्यातली नावं पिढ्यानपिढ्या वापरत आले होते. अखेर १९९८ मध्ये आयोगाने तो ग्रंथ नामकरणासाठी अग्राह्य ठरवला आणि त्यातली अकरा वंशनावं खास अधिकारात राखली: फिलँडर, टेरोपस, ग्लिस, क्युनिक्युलस, हायड्रोकोरस, मेलीस, लुट्रा, हायना, टेपिरस, ट्रॅग्युलस आणि जिराफा. जिराफाला लिनियसने हरणांच्या वंशात ‘सर्व्हस कॅमेलोपार्डालिस’ म्हणून घातलं होतं, तरसाला कुत्र्याच्या वंशात ‘कॅनिस हायना’ म्हणून आणि पाणमांजराला मुंगुसासारख्या दिसणाऱ्या मस्टेला वंशात. ब्रिसनने तिघांना आपापलं घर दिलं. आपल्या माळरानातलं तरस आज ‘हायना हायना (लिनियस, १७५८)’ आहे, त्यातला पहिला शब्द ब्रिसनचा. पिसोरीही एकेकाळी त्याच्या ट्रॅग्युलस वंशात होती. आता ती मोशिओला या वंशात गेली आहे, म्हणून तिच्या नोंदीत ब्रिसन लिहू नये.

यादी, फलक किंवा प्रकल्प-अहवाल लिहिताना कंसाकडे नीट बघा. जातीच्या नावापुढचा लेखक कंसात असेल तर मूळ वर्णन दुसऱ्या वंशात झालं होतं असा अर्थ. चिमणी लिनियसने ‘फ्रिंजिला डोमेस्टिका’ म्हणून वर्णिली, म्हणून ‘पॅसर डोमेस्टिकस (लिनियस, १७५८)’ असा कंस लागतो. सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याला टेमिंकने सुरुवातीपासूनच गॅलस वंशात ठेवलं, म्हणून ‘गॅलस सोनेराटी टेमिंक, १८१३’ असं कंसाविना लिहायचं. वंशाच्या लेखकाला कंस कधीच नसतो: ‘गॅलस ब्रिसन, १७६०’. पक्ष्यांच्या वंशापुढे १७६० आणि वर दिलेल्या अकरा सस्तन वंशांपुढे १७६२ लिहा. १७५६ हे साल कुठेही आलं तर ती चूक आहे. आणि संपूर्ण नाव लिहायचं असेल तर ‘गॅलस ब्रिसन, १७६० गॅलस’ अशी सरमिसळ करू नका. वंशाचा लेखक वंशाच्या ओळीवर आणि जातीचा लेखक जातीच्या ओळीवर द्या.

एक शेवटची सूचना वंशांच्या फेररचनेबद्दल. शिक्रा अगदी आत्तापर्यंत ब्रिसनच्या ‘ॲक्सिपिटर’ वंशात होता. आनुवंशिक अभ्यासानंतर २०२४ पासून जागतिक याद्यांनी त्याला ‘टॅकिस्पायझा’ वंशात हलवलं आहे आणि त्याचं नाव ‘टॅकिस्पायझा बॅडिया’ झालं आहे. जुन्या क्षेत्रपुस्तिकेवरून यादी उतरवताना म्हणूनच वंशाचं नाव चालू वर्षाच्या यादीशी ताडून घ्या. तुम्ही कोणती यादी वापरली आणि तिची आवृत्ती कोणती, हे अहवालात एका ओळीत नोंदवलं की पुढच्या वाचकाला प्रत्येक नाव मागे नेऊन तपासता येतं.